ब्लॅक होलच्या जेटला गॅलेक्सीची दिशा कळते कशी?

२०२४ मध्ये ‘नेचर ॲस्ट्रॉनॉमी’ या जर्नलमध्ये एक पेपर आला, आणि तेव्हापासून अधूनमधून कोणीतरी लिंक पाठवून विचारतं की बाई गं, हे नेमकं काय आहे, ब्लॅक होलमधून निघणारा झोत आणि त्याच्या भोवतीच्या गॅलेक्सीचा आकार यांचा संबंध सापडला म्हणजे काय सापडलं, आणि त्यात एवढं आश्चर्य कसलं, दोन्ही एकाच ठिकाणी तर आहेत. प्रश्न रास्त आहे. पण उत्तर देताना दर वेळी माझी सुरुवात चुकते, कारण मी थेट पेपरवर येते आणि आधीच्या चार गोष्टी सांगायच्या राहूनच जातात. म्हणून यावेळी बुडापासून.

## ब्लॅक होल सगळं गिळतं ना, मग झोत येतो कुठून?

आतून येत नाही. एवढं एक वाक्य डोक्यात बसलं तरी निम्मा गोंधळ मिटतो. ब्लॅक होलच्या हद्दीत एकदा काही गेलं की ते गेलंच, तिथून प्रकाशसुद्धा परत येत नाही. झोत तयार होतो तो हद्दीच्या बाहेर, अगदी उंबरठ्यावर.

ब्लॅक होलकडे खेचला जाणारा वायू सरळ आत पडत नाही. बेसिनमधलं पाणी भोकात जाताना जसं गोल गोल फिरत जातं तसा तो फिरत फिरत जवळ येतो आणि त्याची एक चपटी तबकडी तयार होते. घर्षणाने ही तबकडी प्रचंड तापते. तापलेल्या वायूबरोबर चुंबकीय क्षेत्रही ओढलं जातं, आणि ब्लॅक होल स्वतः गरगर फिरत असेल तर ते या चुंबकीय रेषांना पीळ घालत बसतं, दोरी वळताना घालतात तसा. पीळ वाढत गेला की ताण वाढतो आणि तबकडीच्या वर आणि खाली, म्हणजे फिरण्याच्या अक्षाच्या दोन्ही टोकांना, थोडा वायू जवळपास प्रकाशाच्या वेगाने बाहेर फेकला जातो. हाच जेट. रॉजर ब्लँडफर्ड आणि रोमन झ्नायेक यांनी १९७७ मध्ये दाखवलं की ही ऊर्जा मुळात ब्लॅक होलच्या फिरण्यातून काढून घेता येते, आणि आजही बहुतेक लोक त्याच चित्रावर काम करतात.

तर जेट म्हणजे ब्लॅक होल कुठल्या अक्षावर फिरतंय हे दाखवणारा बाण. पुढचा सगळा लेख या बाणावर उभा आहे.

जेट दिसायला मात्र खूप आधीच दिसला होता. १९१८ मध्ये लिक वेधशाळेतल्या हेबर कर्टिसला एम८७ नावाच्या धुरकट ठिपक्यातून निघालेली एक विचित्र सरळ रेघ फोटोत दिसली, आणि ती काय आहे हे सांगता येण्याजोगं तेव्हा काहीच हाताशी नव्हतं. पुढे १९५३ मध्ये रॉजर जेनिसन आणि मृणाल कुमार दासगुप्ता यांनी सिग्नस ए या रेडिओ स्रोताचं माप घेतलं तर तिथे एक नाही, गॅलेक्सीच्या दोन बाजूंना दोन मोठे ढग निघाले. एकाच जागेवरून विरुद्ध दिशांना काहीतरी फेकलं जातंय याची ती पहिली खूण. दासगुप्तांचं नाव आपल्याकडे फारसं कोणी घेत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

## गॅलेक्सीचा ‘आकार’ म्हणजे काय मोजायचं?

एडविन हबलने १९२६ मध्ये केलेली वाटणी अजून कामाला येते. एक, सर्पिल गॅलेक्सी, म्हणजे चपटी तबकडी आणि तिच्यात वळलेले फाटे, आपली आकाशगंगा या जातीची. दुसरी लंबगोल, फाटे नाहीत, तबकडी नाही, नुसता ताऱ्यांचा फुगीर लांबट गोळा. मोठे ताकदवान जेट बहुतेक करून या दुसऱ्या प्रकारात सापडतात, म्हणून आपलं लक्ष तिथे.

लांबट गोळा म्हटला की त्याला एक लांब अक्ष असतो आणि एक आखूड. चपटी भाकरी घेतली तर आखूड अक्ष म्हणजे तिच्या पातळीला काटकोनात टोचलेली काडी. सध्या आकार म्हणजे एवढंच, की आखूड अक्ष कुठल्या दिशेला आहे.

खऱ्या गॅलेक्सी काही एवढ्या शहाण्यासारख्या वागत नाहीत. एम८७ वर २०२३ मध्ये झालेल्या कामात असं निघालं की तिचे तिन्ही अक्ष वेगवेगळ्या लांबीचे आहेत, म्हणजे थोडक्यात बटाटा. आता बटाट्याचा आखूड अक्ष शोधा म्हटलं की शोधता येतो, पण फोटोवरून ठामपणे सांगणं अवघड होतं.

## मग यात आश्चर्य ते काय?

आश्चर्य आहे ते मापात. एम८७ च्या मधोमध असलेलं ब्लॅक होल, ज्याचा फोटो १० एप्रिल २०१९ ला जगाने पाहिला, ते सूर्याच्या ६५० कोटी पट वजनाचं आहे. त्याचा व्यास सूर्य-पृथ्वी अंतराच्या साधारण २६० पट. ऐकायला अवाढव्य वाटतं. पण समजा एक गॅलेक्सी १ लाख प्रकाशवर्षं रुंद आहे आणि तिला आपण दाबून दाबून १००० किलोमीटरची केली, तर एवढं राक्षसी ब्लॅक होल त्यात लिंबाएवढं होईल, साधारण ४ सेंटीमीटर. आपल्या आकाशगंगेतलं, सॅजिटेरियस ए-स्टार, त्याच मापात केसाच्या जाडीपेक्षाही बारीक.

ताकदीचंही तेच. एवढ्या मोठ्या ब्लॅक होलचं गुरुत्वाकर्षण वरचढ ठरतं ते मधल्या काहीशे प्रकाशवर्षांपुरतं, त्यापलीकडचे तारे एकमेकांच्या एकत्रित वजनाने फिरत असतात, मध्ये ब्लॅक होल आहे की नाही याने त्यांना काडीचाही फरक पडत नाही. म्हणजे हजार किलोमीटरच्या प्रदेशात मधोमध एक लिंबू पडलंय, ते स्वतःभोवती फिरतंय, आणि त्याच्या फिरण्याचा अक्ष त्या अख्ख्या प्रदेशाच्या ठेवणीशी जुळतोय! कोणी कोणाला सांगितलं?

## हे मोजलं कसं?

कल्पना इतकी साधी आहे की मला आधी वाटलं काहीतरी सुटलंय.

गॅलेक्सीचा दुर्बिणीतून घेतलेला साधा फोटो घ्यायचा. बऱ्याचदा तो म्हणजे एक पुसट, किंचित लांबट डाग असतो, बोटाने पुसलेल्या शाईसारखा. त्या डागावर एक लंबगोल बेतायचा, कुठे जास्त बसतो ते बघत आणि फिरवत फिरवत. नीट बसला की त्याच्या आखूड अक्षाचा आकाशातला कोन लिहून ठेवायचा. हे सगळं कॉम्प्युटर करतो, पण करतो हेच.

मग त्याच गॅलेक्सीचं रेडिओ चित्र. इथे साधी दुर्बीण पुरत नाही, कारण आपल्याला जेटचा अगदी बुडाशी असलेला तुकडा बघायचाय, पुढे लाखो प्रकाशवर्षांवर तो भोवतालच्या वायूमुळे वळलेला असू शकतो. त्यासाठी एकमेकींपासून हजारो किलोमीटर लांब असलेल्या रेडिओ दुर्बिणी एकाच वेळी एकाच ठिकाणी रोखतात, प्रत्येकीचा सिग्नल अणुघड्याळाच्या वेळेसकट साठवतात, आणि नंतर सगळं जुळवून जणू पृथ्वीएवढी एकच दुर्बीण होती असं चित्र काढतात. चित्रात दिसतं काय, तर एक झगझगीत ठिपका आणि त्याला लागून माळेत ओवल्यासारखे दोन-चार फिके ठिपके. त्या माळेची दिशा म्हणजे जेटची दिशा. तिचाही कोन लिहायचा.

आता एका कोनातून दुसरा वजा करायचा. झालं! उत्तर ० ते ९० अंशांमध्ये कुठेतरी येणार. काहीच संबंध नसेल तर सगळी उत्तरं ० ते ९० मध्ये सारखी पसरतील, जमिनीवर फेकलेल्या काड्यांसारखी, सरासरी ४५ च्या आसपास. पण खूप गॅलेक्सींची उत्तरं एकत्र ठेवल्यावर ती सारखी पसरलेली नव्हती, ० च्या बाजूला, म्हणजे जेट आखूड अक्षाच्या जवळ, थोडी जास्त गर्दी होती. पेपरचा मुख्य शोध एवढाच.

‘थोडी जास्त’ हे शब्द विसरू नका, त्यांच्याकडे परत येते.

## ब्लॅक होलला दिशा मिळते कुठून?

जे गिळलं त्यातून. फिरणारा वायू आत गेला की त्याचा रंग, रासायनिक घटक, तापमान सगळं कायमचं गेलं, बाहेरून बघणाऱ्याला त्यातलं काही सापडणार नाही. पण त्याचं वजन ब्लॅक होलच्या वजनात जमा होतं आणि त्याचं फिरणं ब्लॅक होलच्या फिरण्यात. सुंभ जळतो पण पीळ जात नाही, तसलाच प्रकार.

आता वायू जर वेळोवेळी वाटेल त्या दिशेने येत राहिला, आज वरून, उद्या खालून, परवा तिरका, तर एका घासाचा पीळ दुसरा घास उलगडतो आणि शेवटी ब्लॅक होल ना धड वेगात फिरत ना ठरावीक दिशेला. काही संशोधक मानतात की खाणं असंच गोंधळाचं असतं. आणि वायू जर लांबवरून, गॅलेक्सीच्या पसाऱ्यातून, बराच काळ एकाच दिशेने फिरत येत राहिला तर ब्लॅक होल हळूहळू त्याच दिशेला वळतं. जेट आणि आखूड अक्ष जुळण्याकडे कल दिसतो म्हणजे निदान काही प्रमाणात दुसरी गोष्ट घडत असणार. माझ्या मते पेपरचं खरं महत्त्व इथे आहे. ब्लॅक होल कसं वाढलं हे बघायला आपण कोट्यवधी वर्षं बसू शकत नाही, पण त्याचा अक्ष म्हणजे त्या सगळ्या जेवणाची गोळाबेरीज, आणि ती आयती आकाशात लिहून ठेवलेली आहे.

दुसरी वाट आहे टकरीची. मोठ्या लंबगोल गॅलेक्सी बऱ्याचदा दोन गॅलेक्सी एकमेकींवर आदळून, एकमेकींत मिसळून झालेल्या असतात. त्यांची ब्लॅक होल्सही बुडत बुडत मध्यावर येतात, एकमेकांभोवती फिरतात आणि एक होतात. सारख्या वजनाची, अजिबात न फिरणारी दोन ब्लॅक होल्स जरी एकत्र आली तरी होणारं नवीन ब्लॅक होल कमाल शक्य फिरण्याच्या साधारण ६९ टक्क्यांनी फिरतं, कारण एकमेकांभोवतीचं फिरणं कुठेतरी जमा व्हायलाच हवं. त्यामुळे ज्या टकरीने ताऱ्यांचा गोळा एका दिशेला चपटा केला त्याच टकरीने मधल्या ब्लॅक होललाही त्याच सुमाराचा अक्ष दिला, हे पटण्यासारखं आहे. म्हणजे कोणी कोणाला सांगितलं नाही, दोघांना एकाच प्रसंगाने घडवलं.

आणि एकदा मिळालेली दिशा ब्लॅक होल सहज सोडत नाही. जोरात फिरणाऱ्या भोवऱ्याला बोटाने हलका टोला दिला तर तो डगमगतो पण आडवा पडत नाही, तसं. २०२४ मध्येच पॉर्फिरिअन नावाची जेटची जोडी जाहीर झाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत २.३ कोटी प्रकाशवर्षं. ती नेमकी कुठल्या गॅलेक्सीतून निघते हे शोधायला जीएमआरटी ही भारतातली रेडिओ दुर्बीणही वापरली होती. आता गणित करा, एका बाजूचा जेट १ कोटी प्रकाशवर्षांपेक्षा लांब म्हणजे प्रकाशाच्या वेगाने गेला तरी १ कोटी वर्षांहून जास्त काळ तो एकाच दिशेला सुटत राहिलाय. एवढा वेळ अक्ष हलला नाही.

अगदीच हलत नाही असंही नाही. एम८७ च्या जेटची २२ वर्षांची निरीक्षणं एकत्र करून २०२३ मध्ये दाखवलं गेलं की तो साधारण ११ वर्षांत एक फेरी अशा संथ लयीत डुलतो. तबकडी आणि ब्लॅक होलचा अक्ष एकमेकांशी किंचित तिरके असले की असं होतं. पण हे डुलणं जागच्या जागी, दिशा सोडून जाणं नाही.

## ‘पण सर्पिल गॅलेक्सींमध्ये तर असं दिसत नाही’

बरोबर, दिसत नाही, आणि हा आक्षेप चांगला आहे. सेफर्ट नावाच्या, मुख्यतः सर्पिल असलेल्या गॅलेक्सींमधले छोटे जेट आधीच तपासले गेलेत आणि तिथे जेटची दिशा गॅलेक्सीच्या तबकडीशी काही देणंघेणं नसल्यासारखी निघाली. एनजीसी ४२५८ हे तर ठळक उदाहरण, तिथला जेट तबकडीतून वर न निघता चक्क तबकडीतल्याच वायूत घुसलाय आणि त्याने तापवलेल्या वायूचे जादा फाटे दिसतात, जे ताऱ्यांच्या फाट्यांशी जुळत नाहीत.

कारण शोधायला फार लांब जायला नको. सर्पिल गॅलेक्सीत ब्लॅक होल त्यामानाने लहान असतं आणि त्याला खायला मिळतं ते सटरफटर, कधी एखादा ढग चुकून आत आला, कधी छोटी गॅलेक्सी गिळली. ज्याचं वजन कमी त्याचा अक्ष वळवायला घासही छोटा पुरतो. शिवाय ब्लॅक होलभोवतीच्या वायूच्या तबकडीचा आतला भाग ब्लॅक होलच्या फिरण्यामुळे त्याच्या पातळीत ओढला जातो, बार्डीन आणि पेटरसन यांनी १९७५ मध्ये हे गणिताने मांडलं, त्यामुळे बाहेरचा वायू कसाही येवो, जेट ऐकतो ब्लॅक होलचंच.

मोठे जेट लंबगोल गॅलेक्सींतच सापडतात यालाही अपवाद आहेत. जॉयदीप बागची आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक सर्पिल गॅलेक्सी दाखवली जिचे जेट साधारण ५० लाख प्रकाशवर्षं पसरलेत, जे पुस्तकाप्रमाणे व्हायलाच नको होतं.

## ‘जेट आपल्याकडेच रोखलेला असला तर?’

हाताशी असेल तर एक पेन्सिल घ्या. ती डोळ्यांसमोर आडवी धरून टोक जरा हलवलं तर दिशा जराशीच बदललेली दिसते. आता तीच पेन्सिल टोक डोळ्याकडे करून धरा, नुसतं टोक दिसेल अशी, आणि तेवढंच हलवा. एका क्षणी ती डावीकडे निघालेली वाटते, दुसऱ्या क्षणी वर. कोन तेवढाच बदलला पण दिसणारी दिशा कुठल्या कुठे गेली.

रेडिओ आकाशात नेमका हाच घोळ आहे. जवळपास प्रकाशाच्या वेगाने आपल्याकडे येणारा जेट आपल्याला खूप जास्त तेजस्वी दिसतो, त्यामुळे यादीत असले जेट गरजेपेक्षा जास्त भरतात. दुसरीकडे गॅलेक्सीचंही तसंच, भाकरी बरोबर समोरून बघितली तर गोल दिसते, मग आखूड अक्ष कुठला सांगणार? म्हणजे मोजलेले दोन्ही कोन डळमळीत.

पण हा डळमळीतपणा खरा संबंध पुसट करतो, नसलेला संबंध तयार करत नाही. गोंधळात काड्या आणखी विखुरतात, एका बाजूला गोळा होत नाहीत. तरीही ती ‘थोडी जास्त’ गर्दी दिसते म्हणजे आतला खरा संबंध दिसतो त्यापेक्षा जरा घट्टच असावा. मात्र यावरून एखाद्या एका गॅलेक्सीकडे बोट दाखवून ‘हिचा जेट अमुक दिशेला असणार’ असं म्हणता येत नाही. उंच आईबापांची मुलं साधारणपणे उंच असतात म्हणून समोरच्या मुलाची उंची सांगता येत नाही, तसंच.

## मग ब्लॅक होल गॅलेक्सीचा आकार ठरवतं का?

हेडलाइन्स असंच काहीतरी म्हणतात, आणि मला ते खटकतं. जेटने गॅलेक्सी पिळून चपटी केली असं या निरीक्षणातून निघत नाही.

जेटचा गॅलेक्सीवर परिणाम होतो तो वेगळ्या वाटेने. पर्सियस गॅलेक्सी-समूहात जेटने भोवतालच्या तापलेल्या वायूत मोठमोठे बुडबुडे फुगवलेत, आणि २००३ मध्ये चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीच्या चित्रांत त्या वायूत पसरणाऱ्या दाबाच्या लाटाही ओळखल्या गेल्या, म्हणजे अक्षरशः आवाज, फक्त आपल्याला ऐकू येण्याच्या कितीतरी खालच्या पट्टीतला. यातून वायूला ऊब मिळत राहते, तो निवत नाही, आणि निवला नाही तर त्यातून नवे तारे होत नाहीत. म्हणजे गॅलेक्सी किती वाढेल यावर ब्लॅक होलचा हात आहे, ती कशी बसेल यावर तेवढा नाही.

उलट गॅलेक्सीने जेटला वळवल्याचं एक सुंदर उदाहरण आहे. पीकेएस २०१४-५५ ही गॅलेक्सी रेडिओत इंग्रजी एक्स अक्षरासारखी दिसते. आधी लोक म्हणायचे की जेटने मध्येच दिशा बदलली असेल, किंवा दोन ब्लॅक होल्स असतील. २०२० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅट दुर्बिणीने बारकाईने चित्र काढलं तर कळलं की जेट दोनच आहेत, पण लांब जाऊन दाबामुळे माघारी फिरलेला माल परत येताना गॅलेक्सीभोवतीच्या लंबगोल वायूच्या गोळ्यावर आपटून बाजूला वळलाय, दगडावरून पाणी फुटतं तसा.

## आपल्या आकाशगंगेचं काय?

आपलं ब्लॅक होल, ४३ लाख सूर्यांच्या वजनाचं, सध्या जवळपास उपाशी आहे, मोठा जेट नाही. पण २०१० मध्ये फर्मी या गॅमा-किरण दुर्बिणीच्या माहितीतून आकाशगंगेच्या तबकडीच्या वर आणि खाली दोन प्रचंड फुगे सापडले, प्रत्येकी साधारण २५ हजार प्रकाशवर्षं उंच, बरोबर आखूड अक्षाच्या दिशेने. ब्लॅक होलने काही लाख वर्षांपूर्वी मोठा घास घेतला त्याच्या या खुणा, असं बरेच जण म्हणतात, काही म्हणतात मध्यावर एकदम खूप तारे जन्मले आणि फुटले त्याचं हे काम.

तर जुळलं म्हणायचं? १२ मे २०२२ ला सॅजिटेरियस ए-स्टारचा फोटो आला, आणि तो ज्या मॉडेल्सशी चांगला बसला त्यांत ब्लॅक होलचा अक्ष बऱ्यापैकी आपल्याकडे रोखलेला आहे. आपण तबकडीतच राहतो. म्हणजे ही मॉडेल्स बरोबर असतील तर आपल्या ब्लॅक होलचा अक्ष तबकडीला काटकोनात नाही, तो तबकडीतच आडवा पडल्यासारखा आहे.